एक धातु, अनेक लवणें

सातपुड्याच्या पायथ्याशीं, अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यांत, शेंदूरजनाघाट हें गांव वसलेलें आहे. संत्र्यांच्या बागा आणि संत्र्यांच्या कलमांच्या रोपवाटिका यांमुळें त्याचें नांव वऱ्हाडाबाहेरहि ठाऊक झालेलें आहे. संत्र्याच्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडूं लागला, म्हणजे येथील बागाइतदार कृषि केंद्रांतून झिंक सल्फेटची पिशवी आणतो आणि तें पाण्यांत विरघळवून झाडांवर फवारतो. त्याच गांवांत एकाद्या लहान मुलाला हगवण लागली, तर आशा सेविका ओ. आर. एस.च्या पुड्यांबरोबर चवदा गोळ्या देऊन जाते; त्या गोळ्यांच्या पट्टीवरहि झिंक सल्फेट हेंच नांव छापलेलें असतें. औषधाच्या दुकानांत शक्तिवर्धक म्हणून ज्या रंगीत बाटल्या मांडलेल्या असतात, त्यांच्यावरहि जस्ताचा उल्लेख असतो. मात्र तेथें कोठें ग्लुकोनेट, कोठें ऑक्साइड, कोठें सायट्रेट.

झाडाला दिलें तें जस्त, मुलाला दिलें तें जस्त आणि बाटलींतलें जस्त, हें सारें एकच काय? प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. नांव एक दिसलें कीं वस्तुहि एकच समजण्याची संवय माणसाला फार जुनी आहे, आणि ती अडाण्यांपुरतीच आहे असेंहि नाहीं. डॉक्टरानें लिहून दिलेल्या गोळीऐवजीं ‘त्यांतलेंच’ म्हणून दुसरी गोळी घेणारे बहुतेक लोक लिहितां वाचतां येणारेच असतात. या प्रश्नाचें उत्तर रसायनशास्त्रानें दिलें तें बऱ्याच उशिरां. त्याआधीं माणसाला तें अनुभवानें, आणि प्रसंगीं प्राणाचें मोल देऊन, मिळवावें लागलें. त्या मिळकतीचा इतिहास वऱ्हाडांतूनच आरंभितां येतो.

प्रथम शब्दांचा घोळ मिटविला पाहिजे. मराठींत ‘क्षार’ हा शब्द फार सैलपणें वापरतात. विहिरीचें पाणी मचूळ लागलें कीं त्यांत क्षार आहेत. पापडाच्या पिठांत घालतात तो खार. गोळ्या घेतात त्याहि क्षारांच्याच. रसायनशास्त्राच्या भाषेंत धातु आणि अम्ल यांच्या संयोगानें जो पदार्थ बनतो तें लवण. जेवणांतलें मीठ हें अशा असंख्य लवणांपैकीं एक आहे. प्रत्येक लवणांत दोन भागीदार असतात, एक धातूच्या बाजूचा व दुसरा अम्लाच्या बाजूचा. लोकांच्या तोंडीं नांव असतें तें पहिल्याचें: लोह, जस्त, कॅल्शियम. दुसऱ्याकडे सहसा कोणी पाहात नाहीं, आणि पुष्कळदां खरी गोम तेथेंच असते.

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर उल्केच्या आघातानें काळ्या पाषाणांत झालेल्या सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या खळग्यांत आहे. त्याचें पाणी खारट आहे, परंतु समुद्राच्या पाण्यासारखें खारट नव्हे. त्यांत मिठाबरोबर सोड्याचा अंश मोठा आहे. अबुल फजल यानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याचें वर्णन करतांना, कांच आणि साबण करण्यास लागणारीं द्रव्यें येथें मिळतात, असें लिहून ठेविलें आहे. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे कांठावर व गाळांत पांढरे थर धरीत, आणि तेथील लोक ते गोळा करून विकीत. बाहेरून आलेल्याला ती सारी एकच पांढरी माती दिसे. लोणारकरांनीं मात्र तिला निरनिराळीं नांवें दिलीं होतीं: डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कोणत्या थरांत सोडा अधिक, कोणत्यांत मीठ अधिक, हें ते रंगावरून, खड्यावरून आणि जिभेवरून ओळखीत. इंग्रजी अमलांत भूगर्भशास्त्रज्ञांनीं हे थर प्रयोगशाळेंत तपासले, तेव्हां या नांवांमागें खरोखरीच रासायनिक भेद आहे असें दिसून आलें. हातीं तराजूखेरीज दुसरें साधन नसलेल्या माणसांनीं केलेलें हें वर्गीकरण कौतुकास्पद आहे.

लोणारच्या उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यांत वऱ्हाडचा दुसरा खारा प्रदेश लागतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या खारपाणपट्ट्यांत जमिनीखालचें पाणी इतकें खारें आहे कीं, पूर्वीं येथील विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढीत असत. इंग्रजी अमलांत तो धंदा बुडाला. पुढें १९३० सालच्या एप्रिल महिन्यांत मिठाचा कायदा मोडावयाचा ठरला, तेव्हां समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या वऱ्हाडकरांना समुद्र शोधावा लागला नाहीं. अकोला जिल्ह्यांतील दहीहंडा येथील खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून त्यांनीं मीठ तयार केलें. त्या सत्याग्रहाचें मोल सर्वांस ठाऊक आहे. परंतु तेंच पाणी रोज पिण्याचें झालें तर तें शरीराला बरें नव्हे, हेंहि तितकेंच खरें; आणि नळाचें गोडें पाणी मिळावें म्हणून खारपाणपट्ट्यांतील गांवांनीं वर्षानुवर्षें टाहो फोडला तो उगीच नव्हे. शेंदूरजनाघाट या पट्ट्याच्या बाहेर आहे, हें त्याचें भाग्य म्हणावयाचें. कारण संत्र्याच्या झाडाला खारें पाणी सोसत नाहीं.

वैद्यकांत हा भेद जुन्या काळापासून पाळला जात होता. चरकसंहितेंत सैंधव, सौवर्चल, बिड, औद्भिद आणि सामुद्र अशीं पांच लवणें सांगितलीं आहेत. वऱ्हाडांतल्या आजीबाईच्या बटव्यांत त्यांपैकीं शेंदेलोण आणि पादेलोण हीं अजून आहेत. आजच्या दृष्टीनें पाहतां हीं बहुतेक सारीं एकाच सोडियम क्लोराइडचीं रूपें आहेत; त्यांचा वास, रंग आणि चव हीं त्यांत मिसळलेल्या गंधकादि थोड्याशा द्रव्यांमुळें येतात. म्हणून रक्तदाबाच्या रोग्यानें साधें मीठ सोडून शेंदेलोण मनसोक्त खावें, हा समज चुकीचा आहे, कारण सोडियम दोहोंतहि आहे. येथें नांवें निराळीं आणि वस्तु जवळजवळ एकच, असा उलटा प्रकार झाला. याच ग्रंथांत पिंपळी, क्षार आणि लवण या तीन वस्तु अतिशय प्रमाणांत सेवन करूं नयेत असाहि इशारा दिलेला आहे. परंतु लोणच्याची बरणी पुढें असतांना तो कोणाच्या लक्षांत राहात नाहीं.

याच्या बरोबर उलट गोष्ट सज्जीखार आणि जवखार यांची. दोन्ही पांढरे, दोन्ही राखेपासून निघणारे, दोन्ही जिभेला सारखेच झोंबणारे. आपल्या वैद्यांनीं त्यांना दोन नांवें दिलीं आणि त्यांचे दोन निरनिराळे उपयोग सांगितले. युरोपांत या दोहोंचीं मूलद्रव्यें भिन्न आहेत हें द्युहामेल या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७३६ च्या सुमारास दाखविलें, आणि हंफ्री डेव्ही यानें १८०७ सालीं विजेच्या साह्यानें तीं वेगळीं काढलीं, तेव्हां एकाचें नांव सोडियम व दुसऱ्याचें पोटॅशियम असें ठरलें. या दोहोंतला भेद किती जिवावरचा आहे, हें आज इस्पितळांतील परिचारिकेला पहिल्या वर्षींच शिकवितात. मिठाच्या पाण्याची बाटली शिरेंतून चढवितां येते. पोटॅशियम क्लोराइड मात्र पाण्यांत पुरेसें न मिसळतां भराभर शिरेंत सोडलें, तर हृदय थांबतें.

आतां लोहाकडे वळूं. या विषयाचा खरा गाभा तेथें आहे, आणि शेंदूरजन्याच्या घराघरांशीं त्याचा संबंध आहे.

रक्त फिकें पडलें तर लोह द्यावें, ही कल्पना पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे दोन्हीकडे होती. आपल्याकडे लोहभस्म आणि लोखंडाच्या जुन्या कीटापासून केलेलें मंडूर वापरीत. सतराव्या शतकांत इंग्लंडचा थॉमस सिडेनहॅम लोखंडाचा कीस दारूंत भिजवून देत असे. दारूंतल्या अम्लानें थोडें लोह विरघळे आणि लोहाचें लवण तयार होई, हें त्याला ठाऊक नसावें. १८३२ सालीं दक्षिण फ्रान्समधील पिएर ब्लॉ या डॉक्टरानें हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि पोटॅशियम कार्बोनेट यांची गोळी तयार केली. फिकट, धापा टाकणाऱ्या तरुण मुली त्या गोळ्यांनीं थोड्या आठवड्यांत टवटवीत होऊं लागल्या. ब्लॉची गोळी जगभर गेली. परंतु पुढें त्याच्या नांवाखालीं कमी लोहाच्या गोळ्याहि खपूं लागल्या, आणि बुंगे यासारख्या मान्यवर शास्त्रज्ञानें, खनिज लोह शरीरांत शोषलेंच जात नाहीं, असा सिद्धान्त मांडला. एका चांगल्या औषधाची पत अशा रीतीनें गेली ती जवळजवळ दोन पिढ्या परत आली नाहीं. १९३२ सालीं बोस्टन येथें हीथ, स्ट्राउस आणि कॅसल यांनीं टोंचून दिलेल्या लोहाचा हिशेब लावून दाखविला, कीं जितकें लोह शरीरांत जातें त्या मानानेंच रक्तांतलें लाल द्रव्य वाढतें. तेव्हां वादाचा निकाल लागला.

हिशेब लोहाचा करावयाचा, लवणाचा नव्हे, हें त्यांतून शिकावयाचें होतें. आणि नेमकें तेंच आजहि दुकानांत विसरलें जातें. वाळविलेल्या फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळींत सुमारें ६५ मिलिग्रॅम लोह असतें. फेरस फ्युमरेटच्या तेवढ्याच गोळींतहि साधारण तितकेंच. परंतु फेरस ग्लुकोनेटच्या ३०० मिलिग्रॅमच्या गोळींत लोह अवघें ३५ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे गोळी मोठी, आंकडा मोठा आणि लोह निम्में. ग्लुकोनेट पोटाला सौम्य लागतें असें सांगून तें खपवितात. तें सौम्य लागण्याचें एक कारण त्यांत लोहच कमी आहे, हें सांगावयाचें राहून जातें.

भारत सरकारनें १९७० सालीं पांडुरोगाच्या प्रतिबंधाची राष्ट्रीय योजना सुरू केली, आणि गर्भिणी स्त्रियांना लोहाबरोबर फोलिक अम्ल असलेल्या गोळ्या मिळूं लागल्या. त्या गोळींतल्या दुसऱ्या द्रव्याचा उगम मुंबईंतला आहे. ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८ पासून पुढें कांहीं वर्षें मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करीत होती. लोह देऊन न हटणारा त्यांचा एक प्रकारचा पांडुरोग यीस्टच्या अर्कानें हटला. त्या अर्कांतील द्रव्य म्हणजेच पुढें ओळखूं आलेलें फोलिक अम्ल. मुंबईच्या चाळींतल्या त्या गिरणीकामगार बायांची नांवें कोणी टिपून ठेविलीं नाहींत, पण जगांतल्या गर्भिणींच्या गोळींत त्यांचा वांटा आहे.

२०१८ पासूनच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ योजनेंत गर्भिणीला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अम्ल, चवथ्या महिन्यापासून निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असें ठरलें आहे. मोठ्या बायकांची गोळी लाल, वयांत येणाऱ्या मुलामुलींची आठवड्याची निळी, आणि शाळेंतल्या लहानांची गुलाबी. योजना चांगली, गोळी फुकट. तरीहि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकीं ५७ टक्के पांडुरोगी निघाल्या. कारणें अनेक आहेत, परंतु त्यांतील एक गोळीच्या पोटांतच आहे. फेरस लवणानें मळ काळा होतो, कोठा धरतो, जीव मळमळतो. नव्या सुनेनें दोन दिवस गोळी घेतली, तिसऱ्या दिवशीं ओकारी आली, आणि सासूबाईंनीं पट्टी फळीवर ठेवून दिली, ही हकीकत कोणत्याहि गांवांत ऐकूं येईल. काळा मळ पाहून घाबरण्याचें कारण नाहीं, तें न शोषलेलें लोह आहे. गोळी जेवणानंतर किंवा रात्रीं निजतांना घेतली तर मळमळ कमी होते. एवढें सांगणारें कोणी जवळ असलें तर पट्टी फळीवर जात नाहीं. औषध सोडून देण्यापेक्षां तें थोडें कमी शोषलें गेलेलें पत्करलें.

आणि येथें संत्र्याचा संबंध येतो. लोहाचीं लवणें दोन जातींचीं असतात, फेरस आणि फेरिक. आंतड्याला फेरस चटकन घेतां येतें. फेरिक हें आंतड्यांत गेलें कीं न विरघळणारें बनूं लागतें. डाळ, ज्वारी, पालेभाजी यांतलें लोह बहुतांशीं फेरिक जातीचें. जेवणांत संत्रें, लिंबू, आंवळा असला तर त्यांतलें क जीवनसत्त्व त्या लोहाला फेरस रूपांत आणतें आणि तें अधिक शोषलें जातें. तेव्हां ज्या गांवाच्या बांधावर संत्रीं पिकतात, त्या गांवच्या भाकरी-वरणाशीं संत्र्याची एक फोड असणें हें फुकटचें औषध आहे. मात्र गोळींतलें फेरस सल्फेट आधींच फेरस असल्यामुळें तेथें संत्र्याचा फायदा फारसा उरत नाहीं. ‘क जीवनसत्त्वासह’ म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची किंमत देतांना हें आठवावें. आणि गोळीवर किंवा जेवणावर लगेच चहा पिण्याची जी रीत घरोघर पडली आहे, ती लोहाच्या मुळावर येते. चहांतलीं तुरट द्रव्यें त्याला बांधून टाकतात.

लवण तेंच आणि मार्ग निराळा, एवढ्यानेंहि गुण पालटतो. १६१८ सालीं इंग्लंडांत एप्सम या गांवीं एका गुराख्याच्या गाईंनीं तळ्याचें कडू पाणी पिण्याचें नाकारलें, अशी आख्यायिका आहे. त्या पाण्यांतलें रेचक लवण नेहेमाया ग्रू यानें १६९५ च्या सुमारास वर्णिलें, आणि एप्सम सॉल्ट या नांवानें तें अवघ्या जगाच्या औषधपेटींत जाऊन बसलें. तें मॅग्नेशियम सल्फेट. पोटांत घेतलें तर तें फार थोडें शोषलें जातें, आंतड्यांत पाणी धरून ठेवतें आणि कोठा साफ करतें. तेंच इंजेक्शनानें दिलें तर बाळंतिणीला येणारे आंकडीचे झटके थांबवितें. ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीनें २००२ सालीं सिद्ध केलें, कीं तें वेळेवर दिलें असतां आंकडी येण्याचा धोका निम्म्याहून कमी होतो. पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमच्या गोळ्यांत बहुधा ऑक्साइड असतें, कारण त्यांत धातूचा अंश पुष्कळ आणि किंमत थोडी. पण शरीराला त्यांतलें मिळतें थोडें. सायट्रेट त्याहून बरें शोषलें जातें. डब्यावरचा आंकडा शरीरांत पोंचलेल्या मॅग्नेशियमचा नसतो, डब्यांत घातलेल्याचा असतो.

सर्वांत कडू धडा लिथियमनें दिला. १९४९ साल हें त्याचें साल. हृदयरोग्यांनीं मीठ खाऊं नये, म्हणून अमेरिकेंत मिठाऐवजीं लिथियम क्लोराइड विकूं लागले होते. चव मिठासारखी, सोडियम नाहीं. लोक तें अन्नावर मोकळ्या हातानें भुरभुरूं लागले. हात कापूं लागले, दृष्टि धूसर झाली, आणि कांहीं रोगी दगावले. त्या वर्षाच्या आरंभींच तें बाजारांतून काढून घ्यावें लागलें. सोडियम बंद केलेल्या माणसाचें मूत्रपिंड लिथियमला सोडीनासें होतें. म्हणजे ज्यांच्यासाठीं तें काढलें त्यांनाच तें अधिक घातक होतें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत मेलबोर्नजवळच्या एका इस्पितळांतील जॉन केड या डॉक्टरानें, उन्मादाच्या दहा रोग्यांना लिथियमचीं लवणें देऊन आलेला गुण प्रसिद्ध केला. एकच धातु; एका बाजूला तो मिठाच्या डबींतून प्राण घेत होता, दुसऱ्या बाजूला वर्षानुवर्षें बेभान असलेल्या माणसांना घरीं परत पाठवीत होता. फरक मात्रेचा आणि देखरेखीचा. आज लिथियम कार्बोनेट घेणाऱ्या रोग्याच्या रक्ताची वेळोवेळीं तपासणी होते, कारण औषधाची पातळी आणि विषाची पातळी यांत अंतर फार थोडें आहे. पाश्चात्य देशांत लिथियम ओरोटेट मात्र पूरक म्हणून चिठ्ठीवांचून विकलें जातें. १९४९ सालच्या मिठाच्या डबीचा विसर पडावयास शंभर वर्षेंहि लागलीं नाहींत.

दुसरा भागीदार बदलून हित साधल्याचीं उदाहरणेंहि आहेत. हिमालयाच्या कांग्रा खोऱ्यांत गलगंडाचा उपद्रव फार होता. तेथें १९५६ सालीं डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनीं खोऱ्याचे भाग पाडून एका भागांत पोटॅशियम आयोडाइड घातलेलें मीठ, दुसऱ्यांत पोटॅशियम आयोडेट घातलेलें, आणि तिसऱ्यांत नुसतें मीठ दिलें. आयोडीन मिळालेल्या दोन्ही भागांत गलगंड ओसरला. परंतु आपल्याकडचें मीठ ओलसर आणि कमी शुद्ध. त्यांत आयोडाइड टिकत नाहीं, आयोडीन उडून जातें. आयोडेट टिकतें. म्हणून भारतानें आयोडेट पत्करलें. ओ. आर. एस.चीहि गोष्ट अशीच. १९७१ सालीं बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगांव येथील छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचें पाणी पाजून पटकीचे हजारों रोगी वांचविले. पुढें पुडींतला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, दमट हवेंत पुडी बिघडवितो असें दिसून आल्यावर १९८४ सालीं त्याच्या जागीं सोडियम सायट्रेट आलें. सोडियम तोच राहिला. सोबती बदलला, आणि पुडी पावसाळ्यांतल्या खेड्यांतहि टिकूं लागली.

कायद्यानें हे दोन वर्ग निराळे केले ते असे. औषधें १९४० च्या औषध कायद्याखालीं येतात. त्यांच्या शुद्धतेचें माप औषधकोशांत ठरलेलें असतें, आणि भारताचा पहिला औषधकोश १९५५ सालीं निघाला. पूरकें २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं, म्हणजे अन्न म्हणून, येतात. त्यांचे नियम २०१६ सालीं झाले, आणि ‘औषधी उपयोगासाठीं नाहीं’ असें त्यांच्या वेष्टनावर लिहावें लागतें. तें वाक्य बारीक अक्षरांत असतें, शक्तीच्या जाहिरातीचें मोठ्या. वेष्टन वाचतांना चष्मा लावून प्रथम बारीक अक्षरें वाचावींत.

आतां शेंदूरजनाघाटच्या जस्ताकडे परत यावें. कृषि केंद्राच्या पिशवींत जें झिंक सल्फेट असतें, त्यांत जस्ताचें प्रमाण, खताच्या नियमाप्रमाणें, एका जातींत २१ टक्के आणि दुसऱ्या जातींत ३३ टक्के. शिसें आणि कॅडमियम यांचा थोडा अंश त्यांत नियमानेंच चालवून घेतला जातो, कारण तें झाडाला द्यावयाचें असतें. मुलाच्या गोळींत जस्त २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालच्या मुलास त्याच्या निम्में. पिशवींतलें अर्धा ग्रॅम लवण, म्हणजे बोटांच्या चिमटींत मावणारें, घेतलें तरी त्यांत जस्त शंभर मिलिग्रॅमवर जातें. याच झिंक सल्फेटचा चमचाभराहून कमी इतक्या मात्रेंत पूर्वींचे डॉक्टर एक वेगळाच उपयोग करीत: विष प्यालेल्या माणसाला वांति करविण्याचा. म्हणजे पिवळ्या पानाचें खत, हगवणीची गोळी आणि वांतीचें औषध हीं तिन्हीं एकाच नांवाखालीं नांदलेलीं आहेत, आणि पिशवी घरांत आणणाऱ्यानें ती मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं ठेवावी.

मानवी शरीराला जस्ताची गरज आहे हें मुळांत बक्सरच्या आनंद प्रसाद या भारतीय डॉक्टरानें १९६१ सालीं इराणांतील खुज्या राहिलेल्या तरुणांच्या अभ्यासावरून पुढें आणलें. हगवणींत जस्त द्यावें अशी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची संयुक्त शिफारस २००४ सालची. आपल्याकडे गोळ्या चवदा दिल्या जातात. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं मुलाची हगवण थांबते, मूल खेळूं लागतें, आणि उरलेल्या दहा गोळ्या देव्हाऱ्याखालच्या खणांत जातात. परंतु त्या गोळ्या वायां घालविण्यासाठीं दिलेल्या नसतात. पहिल्या तीन-चार हगवण थांबविण्यास मदत करतात. उरलेल्या दहा, हगवणींत शरीरांतून वाहून गेलेलें जस्त भरून काढतात, आणि पुढले दोन-तीन महिने तें मूल पुन्हा तशा आजारानें अंथरुणाला खिळण्याचा संभव कमी करतात. पट्टी एक, लवण एक, कंपनी एक. पहिल्या चार दिवसांत तें औषध असतें, आणि पुढले दहा दिवस तेंच पूरक.